‘खरा गोंयकार बेघर नसतो’ या म्हणण्याला उत्तर

गोव्यात मोबाइलवरून सतत फिरणाऱ्या एका मजकुरात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. सरकार फुकट घरे आणि निवारे देते म्हणूनच परप्रांतीय इथे लोटतात; खरा गोंयकार, म्हणजे मूळचा गोवेकर, कधी बेघर नसतो; हजारो घरे कुलूपबंद पडलेली असताना टंचाई कसली; आणि बेघरांची सोय पाहणे हे पालिकेचे किंवा पंचायतीचे कामच नव्हे. या मजकुरामागची चिंता मला परकी नाही, कारण जमिनीवरचा ताण आपण सगळेच पाहतो. तरीही यातले एकही विधान तपासणीत पूर्णपणे टिकत नाही.

आधी ‘फुकट’ या शब्दाविषयी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय आणि वीज एवढेच किमान निकष ठरवले होते, आणि राहणाऱ्याकडून त्याच्या कमाईच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्याइतके शुल्क घेण्याची मुभाही दिली होती. प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेच पक्के घर नसावे, अशी अट आहे. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा आणि गृह आधार या योजनांसाठी तर गोव्यात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. काल रेल्वेतून उतरलेल्या माणसाला यातले काय मिळणार?

तो येतो कामासाठी, आणि बहुतेकदा कोणीतरी त्याला बोलावून आणलेले असते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या ३४ व्या कलमाने मजुरांना कामाच्या जागी किंवा जवळपास विनामूल्य तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. ती किती ठिकाणी पाळली जाते, हे पत्र्याच्या खोपटांकडे पाहिले तरी कळते. २०२४ मध्ये कुटबणच्या जेटीवर मासेमारीच्या ट्रॉलरवरच राहणाऱ्या कामगारांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली आणि काहींचा जीव गेला. त्यांना निवाऱ्याच्या आमिषाने इथे आणले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

दुसरे विधान मला सर्वांत अन्यायकारक वाटते, कारण त्यामुळे आपलीच माणसे आपल्याला दिसेनाशी होतात. रस्त्यावर झोपलेला तेवढाच बेघर, अशी व्याख्या धरली तर गोंयकार फार दिसणार नाहीत, हे मान्य. परंतु घर जाण्याची सुरुवात रस्त्यावर होत नाही. ती बहुधा कागदावर होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत तीन पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराचे उदाहरण घ्या. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण दिले, मुंडकारांची नोंदवही ठेवायला सांगितले आणि राहते घर भोवतालच्या जागेसह, पालिका क्षेत्रात २०० व अन्यत्र ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्कही दिला. इतका चांगला कायदा असूनही असंख्य कुटुंबांनी नोंद केली नाही, किंवा त्यांचे दावे मामलेदारापुढे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. मग भाट, म्हणजे ती जमीन, विकले जाते, नवा मालक कुंपण घालतो, आणि ज्याच्याकडे घरपट्टीच्या पावत्यांपलीकडे काही नाही तो माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवू लागतो. आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्याला मिळणारे साहाय्यही जमिनीच्या कागदावर अडते. त्यामुळे मोडकी भिंत उभारण्यासाठी मदत हवी असली तरी त्याची फेरी पुन्हा मामलेदाराच्या कचेरीपाशीच येऊन थांबते.

मुंडकार हा एकटाच नव्हे. मुलांनी घर नावावर करून घेतल्यावर कोनाड्यात टाकलेले म्हातारे आईवडील, सासरहून बाहेर काढलेली आणि माहेरी जागा नसलेली स्त्री, बांबोळीच्या मनोरुग्णालयातून बरा होऊनही ज्याला न्यायला कोणी येत नाही असा रुग्ण, हे सगळे गोंयकारच असतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने त्या स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, परत मिळवण्याची वाट २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने त्या म्हाताऱ्यांना मोकळी केली आहे. प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेचे वृद्धाश्रम पोर्तुगीज काळापासूनच्या परंपरेतले आहेत. त्यांची गरज गोंयकारांना कधी पडलीच नसती तर ते उभे राहिले नसते.

तिसरे विधान अर्धे खरे आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले साधारण पाचातले एक घर रिकामे आढळले होते. पण रिकामे घर म्हणजे भाड्याने मिळणारे घर नव्हे. कितीतरी जुनी घरे वारसांमध्ये अडकली आहेत आणि त्यांतले निम्मे वारस मुंबईत, आखातात किंवा पोर्तुगालमध्ये आहेत. कितीतरी सदनिका वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्यांच्या आहेत. आणि जी भाड्याने जातात ती पर्यटकांना रोजाच्या दराने देणे मालकाला अधिक परवडते. मडगावच्या बाजारात काम करणाऱ्या माणसाला त्या कुलपांचा काडीचाही उपयोग नाही.

राहिले पालिका-पंचायतींचे काम. राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहरी दारिद्र्य निर्मूलन आणि झोपडपट्टी सुधारणा, तर अकराव्यात ग्रामीण गृहनिर्माण हे विषय स्थानिक संस्थांकडे सोपवण्यासाठी नमूद केलेले आहेत. त्यामुळे ‘आमचे काम नव्हे’ हे उत्तर चालणार नाही. गोव्यात मात्र एक खरी अडचण आहे, तिचा उल्लेख त्या मजकुरात नाही. १ लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी निवारे, असा शहरी उपजीविका अभियानाचा हिशेब होता, आणि २०११ मध्ये इथल्या एकाही पालिकेची, अगदी मुरगावचीही, लोकसंख्या १ लाख भरत नव्हती. शहरी गोवा मात्र एकत्र मोजला तर ९ लाखांवर जातो. म्हणजे शेजारच्या पालिकांनी मिळून निवारे चालवायला हवेत. एकेकट्याने मोजत बसल्यास प्रत्येकाच्या वाट्याला शून्यच येईल.

पाडकामाचीही तीच गोष्ट. अतिक्रमण हटवूच नये, असे मी म्हणत नाही. १९८५ च्या मुंबई पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तसे म्हटले नाही. परंतु उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, हे त्या निकालाने सांगितले आणि पाडकाम पावसाळा संपेपर्यंत थांबवले. वास्कोतल्या बायणा किनाऱ्यावरची घरे आपण २००४ साली पाडली ती जून महिन्यात. पाडण्याआधी तिथल्या माणसांची यादी करणे, त्यातले वृद्ध, आजारी आणि शाळकरी मुले कोण हे पाहणे, आणि मशीन येण्यापूर्वी त्यांच्या झोपण्याची जागा ठरवणे, एवढे तरी त्या हद्दीतल्या पालिकेने करायलाच हवे.