तेराव्या आठवड्याचं काय?

कॅन्सरच्या पेशंटच्या हातात व्यायामाचं पत्रक द्यायचं, 'रोज थोडं चालत जा' म्हणायचं आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचं. याला मी उपचार तर सोडाच, सल्लासुद्धा म्हणणार नाही. वाक्य तिखट आहे, कल्पना आहे. फिजिओ मित्रमंडळी कमेंटमध्ये भांडायला येतीलच. या, पण आधी पूर्ण वाचा.

गेल्या उन्हाळ्यात, मास्टर्स करता करता, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात मी रिसर्च इंटर्नशिप केली. तिथे एका लेजर सेंटरमध्ये कॅन्सरच्या पेशंटसाठी मोफत व्यायामाचे वर्ग चालतात. लेजर सेंटर म्हणजे पोहण्याचा तलाव, जिम, बॅडमिंटनचं कोर्ट, सगळं एका छपराखाली, आणि बहुतेक ठिकाणी नगरपालिकेच्या पैशातून. हॉस्पिटलातली नर्स रेफरल पाठवते, ट्रेनर फोन करतो, सुरुवातीच्या चाचण्या होतात, मग १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा वर्ग. शेवटी पुन्हा त्याच चाचण्या, एक अभिनंदनाचं पत्र आणि जिमच्या फीमध्ये सवलत. हे सगळं उपयोगी पडतंय का, ते मोजायचं काम माझ्याकडे होतं.

असे कार्यक्रम आता ब्रिटनमध्ये बरेच आहेत. ग्रेटर मँचेस्टरमध्ये २०१९ पासून 'प्रीहॅब फॉर कॅन्सर' चालतं. तिथे तर ऑपरेशनच्या आधीच पेशंटला घराजवळच्या लेजर सेंटरला पाठवतात, म्हणजे शरीर थोडं कमावूनच तो टेबलावर जातो. मी ज्याचं मूल्यमापन केलं तो कार्यक्रम यापेक्षा खूप लहान. नाव लिहीत नाही, कारण अहवाल त्यांचा आहे.

'रिसर्च इंटर्नशिप' असं म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि टेस्ट ट्यूब दिसतात. माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी म्हणजे दोन टोकांना दोन कोन ठेवायचे, आणि माणूस त्यांच्यामध्ये सहा मिनिटांत किती मीटर चालतो ते लिहायचं. ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ते मोजायचं. मग थकव्याची १३ प्रश्नांची प्रश्नावली, गुण ० ते ५२, जितके जास्त तितका थकवा कमी. बाकी वेळ एक्सेल शीट. एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, आहे ती सेवा नीट चालते का हे तपासणं याला 'सर्व्हिस इव्हॅल्युएशन' म्हणतात, आणि त्याला नव्या औषधाच्या चाचणीसारखी एथिक्स कमिटीची लांब वाट पाहावी लागत नाही. म्हणून तर ते विद्यार्थ्याच्या एका उन्हाळ्यात बसतं. हा फायदा आहे आणि धोकाही, कारण जे एका उन्हाळ्यात बसतं तेवढंच मोजलं जातं.

आकडे छान आले. बाराव्या आठवड्याला लोक जास्त चालत होते, जास्त वेळा उठत होते, थकवा कमी झाला होता. फंडिंग देणाऱ्यांना दाखवायला सुरेख आलेख तयार. आणि तिथेच मला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. केमो संपून जेमतेम महिना झालेला माणूस तीन महिन्यांनी जास्त चालणारच, वर्गाला आला नाही तरी. तुलनेला दुसरा गट नव्हता. शिवाय शेवटची चाचणी दिली कोणी? जे शेवटपर्यंत टिकले त्यांनीच. ज्यांना उलट्या झाल्या, ज्यांचा आजार उलटला, जे कंटाळले, ते शीटमध्ये रिकामे चौकोन होऊन बसले होते. सरासरी काढताना एक्सेल रिकाम्या चौकोनांबद्दल चकार शब्द काढत नाही.

माझ्या सुपरवायझर बाई हुशार. (इथे त्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे. माझ्या तोंडून 'मॅडम' निसटायचं आणि त्या हसायच्या.) त्या म्हणाल्या, मग रिकाम्या चौकोनांना फोन कर. कार्यक्रमाच्या लोकांनी आधी त्यांची परवानगी घेतली, मग यादी माझ्याकडे आली. इंटर्नशिपचा खरा भाग इथून सुरू झाला.

लोक का येत नाहीत? मला वाटलं होतं आळस, भीती, प्रेरणा नाही, असली मोठी उत्तरं मिळतील. मिळाली ती अशी: दोन बस बदलाव्या लागतात. वर्ग सकाळी ११ ला असतो आणि मी कामावर परत रुजू झालोय. नातवंडांना शाळेतून आणायचं असतं. जिममध्ये चारही भिंतींना आरसे आहेत आणि मला सध्या स्वतःला बघायचं नाही. वाकलं की विग सरकतो. प्रोस्टेटच्या उपचारानंतर लघवीवर ताबा नसलेल्या एका आजोबांनी सांगितलं, 'टॉयलेट किती पावलांवर आहे हे मला आधी कळलं असतं तर मी आलो असतो.' पोटावर स्टोमाची, म्हणजे ऑपरेशनने केलेल्या छिद्रातून शौच किंवा लघवी गोळा करणारी, पिशवी असलेल्या एकीला वाटत होतं की व्यायाम केला तर ती निघून येईल. हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. पत्रकात त्यावर एक ओळ होती, सातव्या पानावर.

यादीत पाकिस्तानी आणि गुजराती कुटुंबांतल्या बायकांची नावं बरीच होती. रेफरल झालेल्यांत होती, वर्गात नव्हती. माझी हिंदी तिथे कामाला आली. पहिली पाच मिनिटं मी कुठली, लग्न झालं का, इथे जेवण मिळतं का, यात जायची. मग मुद्दा निघायचा. वर्ग पुरुषांबरोबर आहे, गाणी मोठ्याने लावतात, आणि ट्रेनर काय बोलतो ते कळत नाही. एका आंटी म्हणाल्या, 'बेटा, मी ऑपरेशनच्या बाजूच्या हातात दुधाचा कॅनसुद्धा धरत नाही, आणि ही मुलं मला डंबेल उचलायला सांगतात!'

त्यांचं चुकलेलं नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या की हाताला सूज येण्याची भीती असते, आणि वर्षानुवर्षं डॉक्टरच सांगत आले की त्या हाताने जड काही उचलू नका. सोलापुरात माझ्या मावशीलाही शेजारपाजारचे आजपर्यंत हेच सांगतात, पिशवी दुसऱ्या हातात घे. पण २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका. त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत, देखरेखीखाली वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. एवढी वर्षं उलटूनही ही बातमी आंटींपर्यंत पोचलेली नाही. आणि 'देखरेखीखाली' व 'हळूहळू' हे शब्द गाळून ती पोचली, तर न पोचलेली बरी.

आता व्हॉट्सअॅपवरच्या एका फॉरवर्डकडे येते. २०२५ च्या जूनपासून आपल्या फॅमिली ग्रुपवर 'व्यायामाने कॅन्सर बरा होतो, अमेरिकेत सिद्ध' असा मेसेज फिरतोय. तो ज्या अभ्यासावरून निघाला त्याचं नाव 'चॅलेंज'. तो कॅनडातल्या संशोधकांनी उभा केलेला. आतड्याच्या, म्हणजे कोलनच्या, कॅन्सरचे ८८९ पेशंट, ५५ केंद्रं, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली. पेशंट गोळा करायलाच २००९ पासून जवळपास १५ वर्षं लागली. सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं, केमो झालेली. व्यायाम त्याच्याऐवजी नव्हता, त्याच्यानंतर होता. हे वाक्य कृपया त्या मेसेजच्या खाली चिकटवा. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले सुमारे ९० टक्के लोक जिवंत होते, दुसऱ्या गटातले ८३ टक्के. पाच वर्षांनी आजार परत न येता असलेल्यांचं प्रमाण ८०.३ आणि ७३.९ टक्के. कॅन्सरच्या औषधांच्या दुनियेत एवढ्या फरकासाठी कंपन्या जीव टाकतात.

पण मला त्या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते फारसं कोणी छापलं नाही. दुसऱ्या गटालाही रिकाम्या हाताने पाठवलेलं नव्हतं. त्यांना आरोग्याची माहितीपत्रकं दिली होती, व्यायाम करा, नीट खा, असं सांगणारी. म्हणजे पत्रक दोन्ही गटांकडे होतं. पहिल्या गटाकडे त्याशिवाय एक माणूस होता, तीन वर्षं. सुरुवातीचे सहा महिने दर पंधरा दिवसांनी समोरासमोर भेट आणि देखरेखीखाली व्यायाम, पुढचे सहा महिने पंधरवड्याला भेट किंवा फोन, नंतरची दोन वर्षं महिन्यातून एकदा. व्यायाम तरी काय, आठवड्यातून तीन-चारदा पाऊण ते एक तास झपाझप चालणं एवढं वाढवलं तरी त्यांचं लक्ष्य गाठलं जायचं. ते पत्रकातही लिहिता येतं. लिहिलेलंच असतं.

आणि आम्ही काय देतो? १२ आठवडे. अभ्यास तीन वर्षांचा, फायदा आठ वर्षांचा, आणि त्याच्या जोरावर फंडिंग मागितलेला कार्यक्रम तीन महिन्यांचा. ट्रेनरचं कंत्राट एक वर्षाचं. कॅन्सर पेशंटसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला हा माणूस, लोकांना त्याची सवय होते तोवर दुसरी नोकरी शोधायला लागतो. अहवाल मागणाऱ्यांनाही बाराव्या आठवड्यापुढचं काही नको असतं, कारण त्यांचं आर्थिक वर्ष संपतं.

म्हणून मी कार्यक्रम पूर्ण केलेल्यांनाही फोन लावले. सवलतीचं कार्ड बऱ्याच जणांच्या ड्रॉवरमध्ये होतं. जिममध्ये एकटं जायला नको वाटतं, हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मी शीटमध्ये त्याच्यासाठी वेगळा रकानाच केला. ज्यांचं सुरू राहिलं होतं, त्यांच्यात एकच गोष्ट समान दिसली. त्यांना वर्गात कोणीतरी भेटलं होतं. निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या बॅचमधल्या दोघी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पार्करनला, म्हणजे दर शनिवारी सकाळी होणाऱ्या पाच किलोमीटरच्या मोफत उपक्रमाला, जातात. तिथे 'फाइव्ह के युअर वे' नावाचा गट असतो. ल्युसी गॉसेज या कॅन्सरतज्ज्ञ डॉक्टर, स्वतः ट्रायथलॉनपटू, त्याच्या संस्थापकांपैकी एक. पळा, चाला, किंवा नुसते टाळ्या वाजवायला या, सगळं चालतं. हे तिघं पाच किलोमीटर चालतात आणि मग कॉफीला बसतात. मी विचारलं, पाऊस असेल तर? म्हणाले, 'त्या दोघी येणार हे मला माहीत असतं, मग मी काय करू?'

एवढ्यापुरतं आपण श्रीमंत आहोत असं मला वाटतं. महाराष्ट्रात प्रत्येक वॉर्डात लेजर सेंटर येणार नाही. पण बागेतले हास्यक्लब आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आहेत, सकाळी साडेपाचला हाका मारत निघणारे चालण्याचे ग्रुप आहेत, आणि ते तेराव्या आठवड्याला बंद होत नाहीत. त्यात केमो झालेल्या माणसाला सामावून घ्यायचं तर एखादा फिजिओ जोडून द्यावा लागेल. हाडात पसरलेल्या कॅन्सरला काय चालत नाही, रक्तातल्या पेशी कमी असताना गर्दीत का जायचं नाही, हे कोणीतरी जाणतं हवं. चॅलेंजमध्येही स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात जास्त होत्या, १८.५ विरुद्ध ११.५ टक्के. उत्साहाच्या भरात कोणाची कंबर मोडायला नको.

परदेशात शिकणाऱ्या फिजिओ, नर्सिंग, सोशल वर्कच्या मुलामुलींना एवढंच सांगते, अशी इंटर्नशिप मिळाली तर घ्या. पैसे बेताचे मिळतात, शोधनिबंधावर नाव येईलच असं नाही. पण पेशंट डॉक्टरला जे सांगत नाहीत ते विद्यार्थ्याला सांगतात, कारण विद्यार्थ्याला वेळ असतो आणि त्याच्या हातात त्यांची पुढची अपॉइंटमेंट नसते. फक्त पहिल्याच दिवशी विचारून घ्या की न आलेल्यांची यादी मिळेल का.

अहवालात मी तीन गोष्टी मागितल्या. फक्त बायकांसाठी एक वर्ग, हिंदी-उर्दू बोलणाऱ्या माणसासह. पहिल्याच फोनवर बस, पार्किंग आणि टॉयलेटची माहिती. आणि वर्ग संपल्यावर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात प्रत्येकाला एक फोन. पहिल्या दोन बैठकीतच मान्य झाल्या, आरसे झाकायला पडदेसुद्धा मिळाले. फोनची कल्पना सगळ्यांना आवडली, पण ते करणार कोण आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून, यावर चर्चा अडली. ती पुढच्या तिमाहीच्या बैठकीत घेणार आहेत. माझी इंटर्नशिप संपली आहे, तरी बैठकीला ऑनलाइन बसू देणार का असं विचारणारी मेल मी केली आहे.