टाक्यातून पाणी येतंय म्हणजे जखम साफ होतेय? नाही.

बायपास झालेल्या माणसाच्या घरी एक सल्ला हमखास पोचतो, हल्ली फॉरवर्ड होऊनही येतो: छातीच्या टाक्यांतून पाणी आलं तर आतली घाण निघतेय; ताप नसेल तर डॉक्टर कशाला; हळद भरा आणि अँटिबायोटिक आणखी पंधरा दिवस चालू ठेवा.

‘घाण निघतेय.’ पहिले एक-दोन दिवस ड्रेसिंगवर लालसर डाग पडला तर काळजी नको. पण कोरडी झालेली जखम आठ-दहा दिवसांनी, बहुधा घरी आल्यावर, पुन्हा ओली झाली की त्याच दिवशी दाखवायची, पाणी कितीही स्वच्छ दिसो. छातीचं मधलं हाड उभं कापून स्टीलच्या सहा-आठ तारांनी बांधलेलं असतं आणि लगेच मागे हृदय. कातडीखालचा संसर्ग ड्रेसिंग-औषधांवर बरा होतो, हाडामागे उतरलेला जिवावर बेततो. आणि वरून दोन्ही सारखेच दिसू शकतात. म्हणून सर्जन हाडाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून खोकायला सांगतात. हाताखाली हाड सरकलं तर जोड सुटलाय. कुशीवर वळताना ‘कट्’ झालेलं रुग्णालाही जाणवतं, फक्त कुणी विचारत नाही.

‘ताप नाही ना?’ मधुमेही, वयस्कर किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला ताप येईलच असं नाही. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, आटोक्यातली साखर विनाकारण चढणं, ही लक्षणं जास्त बोलकी. एकट्या सीटी स्कॅनवरही भिस्त नको. पहिले दोन-तीन आठवडे ऑपरेशननंतरचं साधं पाणीही त्यात दिसतं.

हळदीबद्दल थोडक्यात: डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या थराखाली लाली कळत नाही.

‘अँटिबायोटिक चालू ठेवा.’ सगळ्यात घातक हेच. प्रतिबंधाचा डोस काप घेण्याआधी देतात आणि 24 ते 48 तासांत थांबवतात. पुढे लांबवून संसर्ग टळत नाही, चिवट जंतू मात्र पोसले जातात. संसर्ग झालाच तर आधी नमुना, मग औषध. जखम सलाइनने धुवून खोलातला पू किंवा मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायला, पाठवायचा. वरवरचा पू पुसून पाठवला की कातडीवरचेच जंतू उगवतात. रुग्णाने घरी आधीच गोळ्या घेतल्या असतील तर पुष्कळदा काहीच उगवत नाही आणि औषध अंदाजाने निवडावं लागतं. खोल संसर्गाला नुसती औषधं पुरत नाहीत. जखम उघडून तारा आणि मेलेलं हाड काढतात, बऱ्याचदा उणे 125 मिमी पाऱ्यापर्यंतच्या दाबाचं, जखमेतलं पाणी ओढून घेणारं व्हॅक्यूम ड्रेसिंग लावतात. त्याखाली हृदयावर न चिकटणारा थर हवाच, नाहीतर उजवा कप्पा फाटू शकतो. नंतर छातीच्या स्नायूने पोकळी भरतात. अँटिबायोटिक साधारण चार ते सहा आठवडे चालतं.

सल्ल्यात पायाचं नावही नाही. बायपाससाठी शीर काढलेल्या पायाची जखमही चिघळू शकते, तीही रोज उजेडात पाहायची. डॉक्टरांना फोन करताना पाणी कधी सुरू झालं, रंग कोणता, दिवसात किती ड्रेसिंग भिजली आणि कोणत्या गोळ्या घेतल्या, एवढं हाताशी ठेवा.