ससा कुठल्या दिशेने गेला?

काका (सहीत तुम्हीच तसं लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणते),

बर्फातल्या सशाच्या मागावर मी लिहिलेल्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. मिशिगनमधल्या माझ्या परसातल्या बर्फात मी सशाची दिशा उलटी सांगितली. ससा बिळात राहतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असताना पिल्लं उघड्यावर गवतात असतात असं लिहिलं. आणि तिसरा फोटो सशाचा नाहीच.

तिसरं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. तो माग खारीचा. पुढच्या पायांचे छोटे ठसे शेजारी-शेजारी आहेत. झाडावरची खार पुढचे पाय जोडीने टेकते, कॉटनटेल, म्हणजे इथला जंगली ससा, बहुधा एकामागे एक, जरा तिरके. शिवाय माग मेपलच्या बुंध्याशी संपतो, तेवढं तरी मला दिसायला हवं होतं! फोटोखाली दुरुस्ती टाकली आहे.

दिशेचं मात्र मी मागे घेत नाही. मोठे ठसे मागच्या पायांचे, हे तुम्ही अचूक ओळखलंत. पण मागचे पाय म्हणजे ठसेही मागेच, असं धरून चाललात. ससा उडी घेतो तेव्हा पुढचे पाय आधी टेकतात, अंग त्यांच्यावरून पुढे जातं आणि मागचे लांब पाय त्यांच्याही पलीकडे पडतात. म्हणजे मोठे ठसे ज्या बाजूला, ससा तिकडे गेला. पहिल्या हिवाळ्यात मीही तुमच्यासारखंच वाचलं होतं आणि ससा जिथून निघाला त्या झुडपापाशी मोठ्या ऐटीत जाऊन पोचले होते. ठसे पुसट दिसतात ते फोटोमुळे नव्हे. सशाच्या तळव्यावर दाट केस असतात, त्यामुळे बोटं क्वचितच नीट उमटतात.

आता बीळ. बिळं खणणारा ससा युरोपातला. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळतात ते पांढरे ससे त्याच्याच वंशातले. कॉटनटेल स्वतः बीळ खणत नाही. फार थंडी पडली तर वुडचकच्या (जमिनीत बिळं खणणारा इथला एक प्राणी) रिकाम्या बिळात शिरतो, एरवी झुडपाखाली दबून बसतो. मादी पिल्लांसाठी उथळ खळगा करते, त्यात वाळलेलं गवत आणि स्वतःच्या अंगाचे उपटलेले केस अंथरते, वरून पुन्हा गवताने झाकते. पिल्लं जन्मतः आंधळी, अंगावर जवळजवळ केस नसलेली. आई दिवसातून एक-दोनदाच, बहुतेक पहाटे आणि सांजेला, दूध पाजून निघून जाते. तुम्हाला हे निर्दयपणाचं वाटलं. पण ती तिथेच बसून राहिली तर कोल्ह्याला आयता पत्ता मिळेल. आईने टाकलेली समजून लोक अशी पिल्लं घरी उचलून आणतात, खरा घात तिथे होतो. दोन-तीन आठवड्यांत ती आपली आपण घरटं सोडतात. तोवर मी चार काड्या रोवून तेवढा तुकडा गवत कापायच्या मशीनपासून वाचवते.

तुम्ही लिहिलंय की लहानपणी माणच्या माळावर ससे उठवायचात. आपला रानससा तर बीळही खणत नाही आणि त्याची पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस घेऊनच जन्मतात. आठवून सांगा, तो ससा बिळातून निघायचा की पायाशी गवतातून? आणि कधी पिल्लू हाती लागलं होतं का?