‘अंदाज तर बरोबरच आले होते!’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(सही तुम्हीच ‘पुण्याचा एक काका’ अशी केली आहे, म्हणून काका.)

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि मुद्देसूदही. चार ओळींत उत्तर देऊन सुटण्यासारखी नाही, म्हणून हे ऐसपैस लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ४ जुलै २०२४ च्या ब्रिटिश निवडणुकीआधी मी लिहिलं होतं की इथले मतदार भांडतात पुढाऱ्यांवरून, पण मतपत्रिकेवर फुली मारतात ती मतचाचण्यांच्या अंदाजांकडे बघून. त्यामुळे अंदाज जरा संशयानेच वाचा. त्यावर काकांचं म्हणणं असं: सगळ्या चाचण्या मजूर पक्ष जिंकणार म्हणत होत्या, तो ४११ जागा घेऊन जिंकला, मग संशय कसला? शिवाय तेव्हाचे हुजूर पंतप्रधान ऋषी सुनक यांची छत्री आणि मजूर पक्षाचे माजी नेते एड मिलिबँड यांचा सँडविच खातानाचा फोटो यांवरच्या गप्पांना मी लोकशाही म्हणतो, ही निव्वळ करमणूक आहे. भारतीय वंशाचा पंतप्रधान हरत असताना मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आणि शेवटी, ‘परक्या देशाच्या निवडणुकीत तुम्हाला काय पडलंय?’

पहिल्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

२०२४ मध्ये जिंकणार कोण, हे सांगायला चाचणी कशाला हवी होती? हुजूर पक्षाची सलग १४ वर्षं, त्यात पाच पंतप्रधान, त्यातल्या लिझ ट्रस ४९ दिवसांत गाशा गुंडाळून गेलेल्या. आमच्या गल्लीतला पोस्टमनही निकाल सांगून मोकळा झाला होता. चाचणीने सांगायचं असतं ते अंतर. शेवटच्या आठवड्यातल्या बहुतेक चाचण्या मजूर पक्षाला पंधरा-वीस टक्क्यांची आघाडी देत होत्या. मतमोजणी झाली तेव्हा मजूर ३३.७ टक्के, हुजूर २३.७. आघाडी दहाची.

आता मागे जाऊ. १९९२ साली शेवटच्या चाचण्यांत नील किनक यांचा मजूर पक्ष एखाद्या टक्क्याने पुढे होता. जॉन मेजर साडेसात टक्क्यांनी जिंकले आणि देशभर हलकल्लोळ झाला. चौकशी बसली, ‘लाजाळू टोरी’ म्हणजे आपलं मत सांगायला कचरणारा हुजूर मतदार, हा शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसला. २०१५ ला तीच गत. चाचण्यांत दोन्ही पक्ष बरोबरीत, प्रत्यक्षात डेव्हिड कॅमेरन साडेसहा टक्क्यांनी पुढे. पुन्हा चौकशी, तिचा निष्कर्ष असा की चाचणीवाल्यांनी ज्यांना प्रश्न विचारले तेच लोक मुळात देशाचा खरा नमुना नव्हते, त्यांच्यात मजूर मतदार जास्त होते. आघाडीपुरतं बोलायचं तर २०२४ ची चूक याच मापाची आहे. फरक एवढाच की या वेळी चूक होऊनही विजेता बदलला नाही, म्हणून कुणाला तिची झळ लागली नाही. उत्तर बरोबर आलं म्हणून गणिताची रीत तपासायची नाही, असं तुमच्यासारख्या पुणेकराने म्हणावं याचं मला खरंच आश्चर्य वाटलं!

जागांचं तर विचारूच नका. हजारो लोकांच्या उत्तरांवरून एकेका मतदारसंघाचा अंदाज बांधायची एमआरपी नावाची पद्धत इथे २०१७ पासून भाव खाते आहे. त्या वर्षी यूगॉव्ह या चाचणी संस्थेने तिच्याच जोरावर थेरेसा मे बहुमत गमावतील असं सांगितलं, सगळे हसले, आणि मे बाईंनी बहुमत गमावलं. तिथून या पद्धतीचा दबदबा. २०२४ ला त्याच जातीच्या अंदाजांत एक म्हणत होता हुजूर पक्षाला ५३ जागा, खुद्द सुनकही पडणार. दुसरा ६४. यूगॉव्हचा शेवटचा आकडा १०२. आल्या १२१, आणि सुनक यॉर्कशरमधली आपली जागा बारा हजारांच्या फरकाने राखून बसले. ५३ आणि १२१ या दोन्हींना ‘बरोबर’ म्हणायचं असेल तर मग चूक कशाला म्हणायचं?

तुम्ही ‘४१० चा अचूक अंदाज’ म्हणून जो आकडा दिलाय, तो एक्झिट पोलचा आहे. तो अंदाजाच्या पंगतीत बसवू नका. तो मतदानाच्या दिवशी, मत देऊन बाहेर पडलेल्यांकडून खोटी मतपत्रिका पुन्हा भरून घेऊन काढतात. साधारण १३० केंद्रं, आणि शक्यतो तीच ती, म्हणजे मागच्या वेळेशी तुलना होते. त्याची कामगिरी खरंच भारी आहे. २०१५ ला त्याने लिबरल डेमोक्रॅट्स या तिसऱ्या पक्षाला फक्त १० जागा दिल्या, तेव्हा त्यांचे माजी नेते पॅडी अ‍ॅशडाउन टीव्हीवर म्हणाले की हे खरं ठरलं तर मी माझी हॅट खाईन. आल्या ८. पण त्यालाही २०२४ मध्ये नायजेल फराज यांच्या उजव्या रिफॉर्म पक्षाच्या १३ जागा दिसल्या होत्या, मिळाल्या ५. आणि तुमचा घोटाळा मला समजतो. आपल्याकडे महिनाभर आधीच एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन ठेवलं होतं आणि ४ जूनला २९३ आल्या. तिथे होरपळलेला माणूस इथला ४१० बघून भारावणारच.

आता माझा मूळ मुद्दा, जो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आला नाही. अंदाज चुकला की बरोबर आला, हे नंतरचं. आधी तो निवडणुकीत उतरतो.

१२ जूनला संरक्षणमंत्री ग्रँट शॅप्स रेडिओवर सांगू लागले की मजूर पक्षाला ‘सुपरमेजॉरिटी’ देऊ नका. ब्रिटिश संसदेत असल्या बहुमताला काही वेगळा अर्थ नाही. साधं बहुमत मिळालं की झालं. पण बघा काय चाललं होतं: सरकारातला मंत्री तीन आठवडे आधी ‘आम्ही हरतोय’ हे गृहीत धरून, फार हरवू नका म्हणून मत मागत होता. तो कुणाच्या भरवशावर? चाचण्यांच्या. चाचणी पंधरा-वीसऐवजी दहाची आघाडी दाखवत असती तर हा प्रचार झालाच नसता.

दुसरी बाजू त्याहून बोलकी आहे. लिबरल डेमोक्रॅट्सना २०१९ ला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास मतं आणि ११ जागा होत्या. २०२४ ला मतं १२.२ टक्के, जागा ७२! मतं जवळजवळ तेवढीच. फक्त ती जिथे कामाला येतील तिथे गोळा झाली. दक्षिण इंग्लंडमधल्या सुखवस्तू गावांत त्यांची पत्रकं घरोघर पडत होती: मतांच्या आलेखात दोन उंच खांब, मजूर पक्षाचा बुटका, आणि ‘इथे मजूर पक्ष जिंकू शकत नाही’. मजूर पक्षाचा मतदार ते बघायचा, मतदारसंघनिहाय अंदाज देणारी वेबसाइट उघडून खात्री करायचा आणि नाइलाजाने लिबरल डेमोक्रॅट नेते एड डेव्हींच्या उमेदवारासमोर फुली मारायचा. मेडनहेड, विटनी आणि हेन्ली या भागातल्या जागा याच पक्षाकडे गेल्या, म्हणजे थेरेसा मे, डेव्हिड कॅमेरन आणि बोरिस जॉन्सन एके काळी जिथून निवडून यायचे त्या. डेव्ही विंडरमियरच्या तळ्यात फळीवरून पाण्यात पडले, दोरी बांधून उंचावरून उडी मारली, लोक हसले. पण त्या हसण्याने एवढ्या जागा आल्या असं त्यांचे कार्यकर्तेही म्हणणार नाहीत.

आणि मजूर पक्षाचं काय झालं? ९७ लाख मतं. २०१९ ला जेरेमी कॉर्बिन सपाटून हरले तेव्हा त्यांना एक कोटीच्या वर होती. मतदान साठ टक्क्यांच्या खाली, २००१ नंतरचं सगळ्यात कमी. निकाल ठरलेलाच आहे म्हटल्यावर पावसात बाहेर कोण पडतो? सगळं खापर मी अंदाजांवर फोडत नाही. गाझाच्या प्रश्नावरून मजूर पक्षाची मुस्लिम मतं फुटली, ग्रीन पक्ष वाढला, हेही आहेच. पण पाच वर्षांपूर्वीच्या पराभवापेक्षा कमी मतांत ४११ जागा, हे समजून घ्यायचं असेल तर नुसतं ‘लाट आली’ म्हणून भागत नाही.

छत्रीबद्दल. २२ मे रोजी सुनक डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात छत्रीशिवाय उभे राहून निवडणूक जाहीर करत होते आणि बाहेर कुणीतरी मजूर पक्षाचं १९९७ चं प्रचारगीत लाउडस्पीकरवर लावलं होतं. याची टिंगल झाली, मान्य. पण गप्पा तिथे थांबल्या नाहीत. ६ जूनला नॉर्मंडीच्या लढाईला ८० वर्षं झाली, त्या सोहळ्यातून सुनक लवकर परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. लंडनमधल्या आमच्या हॅरोत भाजीवाल्याच्या दुकानात त्यावर जे बोलणं चालायचं ते सोहळ्याबद्दल नव्हतंच. या माणसाला आपल्यासारख्यांचं आयुष्य कळतं का, याबद्दल होतं. मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर ‘माझे वडील अवजारं बनवायचे’ हे वाक्य इतक्यांदा बोलले की ग्रिम्सबीच्या कार्यक्रमात प्रेक्षक हसले. ते हसणंही मला फालतू वाटत नाही. घोकलेलं वाक्य लोकांना बरोबर कळतं.

पण पुढाऱ्याच्या बाजूने मी फार ओढणार नाही, कारण इथला इतिहास तसा नाही. १९४५ ला चर्चिल युद्ध जिंकून हरले. १९७९ ला जेम्स कॅलहन हे मार्गारेट थॅचरपेक्षा लोकांना व्यक्ती म्हणून जास्त आवडत होते, जिंकल्या थॅचर. २०१० च्या पहिल्या टीव्ही चर्चेनंतर लिबरल डेमोक्रॅट्सचे नेते निक क्लेग यांच्या नावाने लोक वेडे झाले, पक्ष चाचण्यांत तीस टक्क्यांपर्यंत चढला आणि निकालात जागा ६२ वरून ५७ वर आल्या. ४ जून २०२४ च्या, म्हणजे आपल्या लोकसभा निकालाच्याच दिवशीच्या, चर्चेत सुनक यांनी ‘मजूर सरकार आलं तर घरटी दोन हजार पौंड कर वाढेल’ हे इतक्या वेळा म्हटलं की स्टार्मर गांगरले. तो आकडा चार वर्षांचा मिळून होता, हे त्या रात्री कुणाला नीट कळलंच नाही. लगोलग घेतलेल्या पाहणीत सुनक ५१-४९ ने सरस. पुढच्या महिन्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

सुनक भारतीय वंशाचे म्हणून अभिमान? दिवाळीत डाउनिंग स्ट्रीटच्या दारात पणत्या लागल्या ते मलाही आवडलं. मत वेगळं. तरी तुमच्यासाठी दोन नोंदी: त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने दुसऱ्याकडून हिसकावलेली एकमेव जागा लेस्टर ईस्ट, शिवानी राजा यांची; आणि पन्नास टक्क्यांवर मतं मिळालेली त्यांची एकमेव जागा आमच्या शेजारची हॅरो ईस्ट. दोन्हीकडे गुजराती वस्ती मोठी आहे. पण लेस्टरमध्ये मजूर पक्षाचे दोन माजी खासदार, एक अपक्ष आणि एक दुसऱ्या छोट्या पक्षाकडून, उभे राहून मतं खात होते, हे विसरून नुसता ‘आपला माणूस’ एवढाच अर्थ काढू नका.

राहिलं परक्या देशाचं. कॉमनवेल्थचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत आहे. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. २०२४ ला सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदाच फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं, आणि त्या यादीत कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट चालतात. मी अशोकस्तंभाचा निळा पासपोर्ट दाखवून हॅरोत मत दिलं; केंद्रावरच्या बाईंनी फोटो बघितला आणि मतपत्रिका हातात दिली. उलट भारतात मत द्यायचं तर मला विमानाने यावं लागतं. तेव्हा मला काय पडलंय ते तुमच्या लक्षात यावं.

पुढच्या वेळी कोणता आकडा बघू, असंही तुम्ही विचारलंय. निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत कधीतरी होईल. तोवर कुणी जागांचा आकडा दिला तर आधी मतांची आघाडी किती धरलीय ते विचारा, आणि चारपाच संस्थांचे आकडे शेजारी ठेवा. खात्रीचं काही हवंच असेल तर रात्री दहाचा एक्झिट पोल बघा. इथे उन्हाळा असेल तर तेव्हा पुण्यात अडीच वाजलेले असतील, हिवाळा असेल तर साडेतीन.