कुणीच पडत नाही, तिथे काय चाललेलं असतं?

एक मेसेज सारखा फिरून येतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी वृद्धाश्रम शोधताय? एक फेरी मारा आणि पाच गोष्टी बघा: फरशी चकचकीत, प्रत्येक पलंगाला कठडे, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे, माणसं शांत, आणि ‘आमच्याकडे आजवर कुणी पडलं नाही’ अशी व्यवस्थापकांची ग्वाही. पाचही जमलं तर डोळे झाकून प्रवेश घ्या. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण या पाचातल्या तीन गोष्टी दिसल्या तर मी उलट चार प्रश्न जास्त विचारीन.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त फसवतो तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात म्हटलंय की दीर्घकाळ राहण्याच्या संस्थांमधली 30 ते 50 टक्के माणसं दरवर्षी पडतात. मग एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षं कुणीच पडत नसेल तर? एक तर पडलेलं वहीत चढत नाही, नाही तर कुणाला उठूच दिलं जात नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. खुर्चीत बसवून ठेवलेल्या माणसाच्या पायांतलं बळ काही आठवड्यांत जातं, आणि मग तो खरोखरच उभा राहिला की पडतो. म्हणून विचारायचं ते असं: शेवटचं कोण पडलं, किती वाजता, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? ‘पहाटे बाथरूमला जाताना पडल्या, आता तिथे रात्रभर दिवा असतो, झोपण्याआधी आम्हीच नेऊन आणतो, डॉक्टरांनी बीपीची गोळीही तपासली’ असं उत्तर आलं, तर त्या जागेवर माझा विश्वास बसेल.

कठड्यांचंही तेच. कठडा पाहून नातेवाइकांना हायसं वाटतं. पण गोंधळलेल्या माणसाला तो अडथळा वाटतो. तो त्यावर चढतो आणि पलंगाच्या उंचीऐवजी कठड्याच्या उंचीवरून खाली येतो. शिवाय गादी आणि कठडा यांच्यातल्या फटीत मान किंवा छाती अडकते. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेकडे 1985 ते 2013 या काळात पलंगांत माणसं अशी अडकल्याच्या 900 च्या आसपास घटना नोंदल्या गेल्या, त्यांत 531 मृत्यू होते. कठडे कधीच नकोत, असं नाही. कूस बदलताना धरायला काहींना ते लागतातच. पण ‘प्रत्येक पलंगाला’ म्हटलं की कुणाला काय लागतं याचा विचारच झालेला नाही, हे कळतं. खूप खाली नेता येणारा पलंग आणि शेजारी जमिनीवर जाड गादी, हा पर्याय बऱ्याचदा बरा.

आता ‘माणसं शांत’. दुपारी तीन वाजता सगळेच पेंगताना दिसले, तर औषधांचा तक्ता मागा. स्मृतिभ्रंश असलेला माणूस ओरडतो, येरझाऱ्या घालतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण साधं असतं: दुखतंय, पोट साफ नाही, लघवीला जळजळतंय, डायपर ओला आहे, श्रवणयंत्राची बॅटरी संपलीय. ते शोधायला वेळ लागतो, गोळी द्यायला लागत नाही. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या नव्या पिढीच्या अँटिसायकॉटिक (तीव्र मानसविकारांवरच्या) औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका सुमारे 1.6 ते 1.7 पट होतो, असा इशारा एफडीएने 2005 मध्ये दिला, आणि 2008 मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. आणि एक: कालपर्यंत बडबडणारा माणूस आज एकाएकी गप्प, झोपाळू झाला, जेवेना, तर ‘आज किती छान शांत आहेत’ म्हणू नका. ते संसर्गाचं पहिलं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना लगेच बोलवा.

फरशी स्वच्छ असावी, वाद नाही. पण मी फरशीऐवजी टाचा बघते. टाचा आणि माकडहाड. तिथली लाली बोटाने दाबूनही फिकी होत नसेल, तर बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली आहे. मग कूस बदलल्याचा तक्ता मागायचा. मी असे तक्ते पाहिलेत ज्यांत दोन, चार, सहा, आठ अशा अगदी गोल वेळा, एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेल्या. खरी ड्युटी इतकी नीटस नसते. तिथे पाच वाजून वीस मिनिटं असतात, खाडाखोड असते.

कॅमेरा माणूस पडल्यानंतरचं दाखवतो. रात्री तीनला किती जणांमागे किती माणसं जागी असतात आणि घंटी वाजल्यावर किती वेळात येतात, हे विचारा. घंटी पलंगावरच्या माणसाच्या हाताला लागते का, तेही पाहा.

मेसेजमध्ये जेवणाचा उल्लेखच नाही, म्हणून फेरी मारायचीच तर जेवणाच्या वेळी मारा. भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने? उभ्याने भरवलं की खाणाऱ्याची मान वर होते आणि घास श्वासनलिकेत जायची भीती वाढते. तोंडातला घास गिळून झाल्यावरच पुढचा चमचा येतो का, आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं करतात की थोडा वेळ बसवून ठेवतात, एवढं पाहायला अर्धा तास पुरतो.