'एक ना धड, भाराभर चिंध्या' वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड तीन ग्रुपवर आला, शेवटचा तर आमच्या सोसायटीच्या, तिथे खरं तर पाण्याच्या टँकरशिवाय कशावर बोलत नाहीत. त्यात म्हणणं असं की जे लेखक कथा, नाटक, कविता, सिनेमा सगळीकडे हात घालतात ते कुठेच मोठे होत नाहीत, मोठा लेखक एकच प्रकार धरून बसतो, दुसऱ्या प्रकारातलं लिखाण हा साइड बिझनेस, वाचकही गोंधळतो, आणि एका प्रकारात मुरायलाच अख्खा जन्म जातो. खाली चाळीस अंगठे. मी तिथे टाइप करायला लागलो आणि ते इतकं लांबलं की इथेच टाकतोय.

पहिलं, मोठा लेखक एकच प्रकार धरतो हे. अहो पण मराठीत हे कुणाला लावणार? रत्नाकर मतकरी घ्या. 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य त्यांचं, चेटकिणीला बघून पोरं खुर्चीत उभी राहून ओरडतात ते, आणि रात्री एकट्याने वाचू नये अशी 'खेकडा' ही गूढकथासुद्धा त्यांचीच. बरं एवढ्यावर थांबले का, तर नाही, गावातल्या जातीय अत्याचारावर 'लोककथा ७८', महाभारत संपल्यावर वनात गेलेल्या म्हाताऱ्या धृतराष्ट्र-गांधारीवर 'आरण्यक', आणि 'चार दिवस प्रेमाचे'सारखं हाउसफुल्ल जाणारं हलकंफुलकं नाटक. मग स्वतःच्याच कथेवर 'इन्व्हेस्टमेंट' हा सिनेमा केला, त्याला मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता यातली चिंधी कुठली ते दाखवा. मला तर उलट वाटतं की बालनाट्य लिहिणाऱ्यालाच गूढकथा जमणार, कारण लहान मुलं कंटाळली की सरळ बोलायला लागतात, तिथे पाच मिनिटं फुकट घालवून चालत नाही, प्रेक्षकाला आता पुढे काय म्हणून धरून ठेवायची सवय एकदा हाताला लागली की ती भीतीच्या गोष्टीतही लागतेच की. हात तोच आहे, नुसतं कपाट बदललंय. आणि कपाटं ही लायब्ररीवाल्याची सोय, लेखकाने त्याचं का मनावर घ्यावं?

दुसरं, साइड बिझनेस. कुसुमाग्रज म्हटलं की आपण आधी कवीच म्हणतो, 'विशाखा' १९४२ ची. पण साहित्य अकादमी मिळालं १९७४ ला, ते 'नटसम्राट'साठी, म्हणजे नाटकासाठी. जयंत नारळीकर विज्ञानकथांमुळे घराघरात पोचले आणि त्यांना अकादमी मिळालं 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. पुरस्कार म्हणजे सगळं काही नव्हे हे मान्य, पण साइडच्या धंद्याला कोण कशाला देईल. विजय तेंडुलकरांचं तर काय सांगायचं, 'घाशीराम कोतवाल' नाटक एकीकडे आणि 'मंथन'ची पटकथा दुसरीकडे, तिलाही राष्ट्रीय पुरस्कार. (तो सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून उभा केला, हे उगाच जाता जाता, मला आवडतं म्हणून.) 'अर्धसत्य'ची पटकथाही त्यांचीच, माणूस कुठे अडतो, कुठे गप्प बसतो, हे ज्याला नाटकातून कळलंय त्याचंच काम ते.

वाचक गोंधळतो म्हणे! वाचकाला इतकं बावळट समजू नका हो. हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच सुटलाय. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावावर लिहायचे, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. तीन दुकानं, तीन पाट्या, मालक एक. नाटकांवर वि. वा. शिरवाडकर आणि कवितांवर कुसुमाग्रज, हेही तेच. अत्र्यांनी 'झेंडूची फुले' केशवकुमार नावाने काढली. लोकांना हे सगळे एकच आहेत हे चांगलं ठाऊक होतं, कुणी चुकून शोकांतिका समजून विनोद विकत घेतल्याचं ऐकिवात नाही. नारळीकरांनी तर उलटंच केलं, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे शास्त्रज्ञाचं नाव बघून कुणी नंबर द्यायला नको. पहिला नंबर आला.

आणि ते जन्म जातो वगैरे, त्याला तर गडकरी एकटेच पुरे आहेत. १९१९ च्या जानेवारीत गेले तेव्हा वय ३३. मागे 'एकच प्याला'सकट चार पूर्ण नाटकं, 'राजसंन्यास' अर्धवट, शिवाय कविता, शिवाय विनोद. तेहतीस! माझी या वयाला होम लोनची फाइलसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

आता एक गोष्ट मान्य करतो नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतोय. एकच प्रकार धरून मोठे झालेलेही आहेतच, जी. ए. कुलकर्णी कथेतच राहिले असं ढोबळपणे म्हणता येईल (भाषांतरं सोडून), बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यात त्यांना काही कमी पडलं नाही. चांगला कवी वाईट कादंबरी लिहितो हेही होतं, माझ्या कपाटात अशा दोन आहेत, नावं सांगत नाही. पण त्या पडल्या त्या वाईट होत्या म्हणून, कवीने लिहिल्या म्हणून नव्हे, आणि वाईट कादंबऱ्या तर जन्मभर फक्त कादंबऱ्याच लिहिणारेही भरपूर लिहितात.

गंमत अजून पुढेच आहे. त्या फॉरवर्डच्या शेवटी प्रेरणा म्हणून 'कणा' ही अख्खी कविता चिकटवलेली, खाली कवीचं नाव नाही. ती कुसुमाग्रजांची, म्हणजे 'नटसम्राट' लिहिणाऱ्याचीच.