साठ मीटर दोर

आमच्या पाचपाखाडीच्या घरात न्हाणीघरावर जो माळा आहे, त्याच्या अगदी मागच्या भिंतीला पाण्याचा मुख्य कॉक आहे, ही गोष्ट या घरात एकवीस वर्षे राहूनही मला ठाऊक नव्हती. ती मला प्लंबरने सांगितली. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल आली म्हणून त्याला बोलावले होते. त्याने स्टुलावर चढून माळ्याचे दार उघडले, आत पाहिले, दार हलकेच लावून घेतले आणि खाली उतरून म्हणाला, "साहेब, आधी हा डोंगर उतरवा. मी उद्या अकराला येतो."

डोंगर हा शब्द त्याच्या तोंडी सहज आला असला, तरी अचूक होता. त्या माळ्यावर माझे गिर्यारोहण ठेवलेले आहे. एके काळी शनिवारी रात्री ठाण्याहून शेवटची कसारा लोकल पकडायची, पुढे मिळेल त्या जीपने घोटी-राजूर करत पाचनई गाठायचे आणि १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर जाऊन कोकणकड्याच्या काठाशी पालथे पडून खाली बघायचे, हा माझा ठरलेला क्रम होता. उरलेल्या रविवारी मुंब्र्याच्या कातळावर दोर लावून सराव चाले. २०११ साली उजव्या गुडघ्याने माझी साथ सोडली. सामान मात्र मी सोडले नाही. ते नीट पुसून, गुंडाळून, जपून माळ्यावर चढवले आणि दर दिवाळीला "या हिवाळ्यात एकदा जाऊन येऊ" असे म्हणत त्याला मुदतवाढ देत राहिलो.

संध्याकाळी मी स्टुलावर आणि पत्नी खाली, अशी मोहीम सुरू झाली. तिने दिवाणखान्यात तीन वर्तमानपत्रे अंथरली होती. त्यांवर जाड पेनाने "ठेवायचे", "द्यायचे" आणि "टाकायचे" असे लिहिले होते, आणि "टाकायचे"चे वर्तमानपत्र तिने उघडून दुहेरी पानांचे केले होते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

पहिले आले बूट. चामड्याचे, घोट्यापर्यंतचे, त्या काळी दीड पगार मोडून घेतलेले, आत कागदाचे बोळे भरून खोक्यात ठेवलेले. मी एक बूट अभिमानाने पत्नीच्या हाती दिला, तिने तो जमिनीवर ठेवला, पुन्हा उचलला, तेव्हा बूट वर आला आणि तळवा जमिनीवरच राहिला. दुसऱ्याचा तळवा तर शिळ्या केकसारखा बोटांनीच चुरला. अशा बुटांच्या तळव्यातले पॉलियुरेथेन हवेतला दमटपणा शोषत आतल्या आत कुजत जाते, मग ते बूट कोणी घालो वा न घालो. ठाण्याच्या चौदा पावसाळ्यांत माझे बूट एक पाऊलही न टाकता झिजले होते.

तंबूची गत त्याहून वाईट होती. त्याच्या कापडाला पाणी अडवण्यासाठी जो लेप असतो, तो चिकट होऊन घडीला घडी चिकटली होती, आणि ती सोडवताच असा वास सुटला की आतल्या खोलीतून आईने विचारले, "काय मेलंय का रे वर?" चारही टॉर्चमध्ये विसरलेल्या सेलांनी पांढरी भुकटी ओकली होती. स्लीपिंग बॅग तेवढी धडधाकट दिसत होती. परंतु आतला भराव फुगीर राहावा यासाठी ती आवळून न ठेवता सैल टांगून ठेवायची असते, आणि मी तिला चौदा वर्षे पट्ट्यांनी करकचून बांधले होते. आता ती पापडासारखी झाली होती. नवी घेतली तर शास्त्रानुसार टांगून ठेवू, असे मी म्हणताच पत्नी म्हणाली, "टांगून? सहा फुटांची जागा? तेवढी या घरात मलाही नाही."

मग मी जुनी यादी काढली. यादीनुसार कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या, स्प्रिंगचे फाटक असलेल्या धातूच्या कड्या, आठ असायला हवे होते आणि पिशवीत निघाले तीन. उरलेले पाच एका मित्राने शेवटच्या मोहिमेत लांबवले असावेत, असा माझा पक्का संशय होता आणि त्यापायी इतकी वर्षे मी त्याच्याशी कामापुरतेच बोलत आलो होतो. मी त्याचे नाव घेताच मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि तिने ओट्याखालून कांद्यांची जाळी उचलून आणली. जाळी कॅराबिनरला अडकवलेली होती. त्याच्या अंगावर २२ किलोन्यूटन असा आकडा कोरलेला होता, म्हणजे सुमारे सव्वादोन टनांचा ताण. जाळीत दोन किलो कांदे होते. दुसरा ड्राय बाल्कनीत झाडू तोलत होता, तिसऱ्यात सोसायटीच्या गच्चीच्या किल्ल्या होत्या, आणि उरलेल्या दोघांवर आईची पडद्याची दोरी चालत होती. पाचांपैकी एकाचेही फाटक अडत नव्हते. बोट काढले की खट्‌कन मिटत होते. माळ्यावर जपलेल्या तिघांच्या स्प्रिंगा हलायला तयार नव्हत्या. तंबूत अंथरायची कॅरीमॅट आईच्या गुडघ्यांच्या व्यायामाला गेली होती आणि मेस टिनने, म्हणजे मोहिमेवरच्या जेवणाच्या डब्याने, रोज सकाळी तुरीची डाळ मोजली जात होती. हे सगळे कधी आणि कोणी खाली नेले, याचा तपास मी केला नाही. रात्री मित्राला फोन मात्र केला आणि उगाचच बराच वेळ बोललो.

शेवटी राहिला दोर. साठ मीटर लांब, चार किलो वजनाचा, २००२ साली घेतलेला, दिसायला अजून नवा. परंतु नायलॉनचा दोर न वापरताही दहा वर्षांपलीकडे चढाईला लावू नये, असा नियम आहे, आणि निवृत्त दोर कापून टाकावा म्हणजे चुकूनही त्यावर कोणी जिवाचा भार टाकत नाही. पत्नीने कोथिंबिरीची कात्री आणून दिली. आतला गाभा बाहेर आला तेव्हा तो पांढराशुभ्र होता. मी एकेक टोक गॅसच्या ज्योतीवर धरून वितळवत बसलो आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

अकराला येतो म्हणालेला प्लंबर साडेबाराला आला, मोकळ्या माळ्यात शिरला आणि आतून ओरडला, "साहेब, तो दोर द्या जरा, बादलीतनं पाने-पक्कड वर घेतो." मी त्याला समजावले की, हा दोर तेवीस वर्षांचा आहे, कितीही चांगला दिसला तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याने माळ्यातून डोके बाहेर काढले.

"मी नाही लटकत, साहेब. बादली लटकणार."

मी एक लांबसा तुकडा निवडला, मध्यावर आठाची गाठ मारली, ती दोनदा ओढून पाहिली आणि तिच्यात कांद्यांच्या जाळीचा कॅराबिनर अडकवून बादलीची कडी त्यात घातली. तो वरून ओढू लागला. बादली भिंतीवर आपटू नये म्हणून मी खालचे टोक दोन्ही हातांनी धरले आणि ती वर पोचेपर्यंत हातभर हातभर सोडत राहिलो.